इशीचे पहाटेचे स्नान

हरिणाची शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर धनुष्य येते, बाण येतो, उधळलेला कळप येतो. माणसाच्या अंगाचा वास कोणाच्या मनात येत नाही. हरिणाला मात्र बहुधा त्याचीच चाहूल आधी लागते. शिकारी निश्चल उभा असेल तर त्याच्याकडे पाहूनही ते चरत राहील. पण वाऱ्याची एक झुळूक शिकाऱ्याकडून त्याच्याकडे वळली, की सकाळभराचे श्रम वाया गेले. बडोदे आणि कोल्हापूर येथे संस्थानी काळात चित्त्याकडून काळवीट मारवीत, तेव्हा चित्त्याला बैलगाडीतून नेत. कारण शेतकऱ्याची गाडी काळविटाच्या ओळखीची. तेथे प्रश्न होता उघड्या माळावर डोळ्यांना फसविण्याचा. दाट रानातल्या हरिणाच्या नाकाला असे फसविता येत नाही.

या नाकाचा विचार एका मनुष्याने कसा केला होता, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे. १९११ च्या ऑगस्टअखेर कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्यापाशी एक उपाशी, थकलेला माणूस सापडला. तो याही जमातीचा शेवटचा माणूस होता. १८४९ च्या सुमारास सोन्याच्या शोधार्थ आलेल्या गोऱ्यांनी या जमातीची जमीन घेतली आणि पुढे १८६० च्या दशकात तिची माणसेही मारून टाकली. जी मूठभर उरली, ती डिअर क्रीक नावाच्या ओढ्याच्या दऱ्यांत सुमारे चाळीस वर्षे लपून राहिली. १९०८ मध्ये मोजणीदारांच्या एका तुकडीला त्यांची वस्ती सापडली; तिने तेथील वस्तू उचलून नेल्या, आणि त्यानंतर हा मनुष्य एकटा पडला. मानववंशशास्त्रज्ञ क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटले. त्या भाषेत याचा अर्थ ‘माणूस’ एवढाच. त्याचे खरे नाव त्याने अखेरपर्यंत सांगितले नाही.

सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला ठेवण्यात आले. शेजारीच रुग्णालय होते आणि तेथे सॅक्स्टन पोप नावाचे शल्यवैद्य होते. इशी त्यांचा रोगी, पुढे मित्र, आणि धनुर्विद्येत गुरू झाला. १९२३ च्या आपल्या पुस्तकात पोप यांनी इशीची शिकारीची तयारी नोंदवून ठेवली आहे. आदल्या दिवशी तो मासे खात नसे, तंबाखू ओढीत नसे. हे वास फार दूरवर जातात. पहाटे उठून ओढ्यात स्नान करी, यर्बा बुएना या सुगंधी वनस्पतीचा पाला अंगाला चोळी, तोंड धुई, पाणी पिई आणि काही न खाता निघे. अंगावर जवळजवळ काहीच नसे, पायही उघडे. (यर्बा बुएना म्हणजे स्पॅनिश भाषेत ‘चांगली वनस्पती’, १८४७ पर्यंत सॅन फ्रान्सिस्को गावाचे नावही हेच होते.)

या तयारीत शरीरशास्त्र किती आहे पाहा. ताज्या घामाला स्वतःचा वास फारसा नसतो. कातडीवरील सूक्ष्मजंतू तो पचवितात तेव्हा वास सुटतो, आणि कपडे तो धरून ठेवतात. उघडे, ओढ्यात धुतलेले अंग म्हणूनच सोयीचे. पाल्याने माणसाचा वास नाहीसा होत नाही, पण त्यावर रानाचा वास चढतो. आणि वास बंद करण्याचा कोणताही उपाय पुरा पडत नाही, हे जाणून इशी वाराही सांभाळी. पिलाच्या आवाजाची नक्कल करून तो हरिणाला जवळ बोलावी आणि साधारणतः पन्नास यार्डांच्या आतच बाण सोडी. इतक्या जवळ येणाऱ्या हरिणाच्या नाकाशी खोटे चालत नाही.

इशीच्या पश्चात ही विद्या अमेरिकेत पसरली. १९३४ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने धनुष्याच्या शिकारीसाठी स्वतंत्र हंगाम दिला, आणि पुढे बाजारात ‘वास घालविणारे’ साबण व कपडे आले. काही शिकारी खाण्याच्या सोड्याने अंग घासू लागले. नाजूक कातडीच्या माणसाची येथे गत होते. निरोगी कातडीचा वरचा थर किंचित आम्ल असतो, हे १९२८ पासून वैद्यकाला ठाऊक आहे. सोडा व साबण दोन्ही क्षारधर्मी. वारंवार घासल्याने तो थर बिघडतो, कातडी कोरडी पडते, खाज सुटते, आणि खाजविणारा शिकारी कितीही निर्गंध असला तरी निश्चल बसू शकत नाही. सुगंधी द्रव्यांनी तर पुष्कळांना पुरळच उठते. पुदिन्याच्या कुळातला यर्बा बुएनाचा पालाही सर्वांच्या कातडीला मानवेलच असे नव्हे. अशा माणसाला थंड पाणी, हवेवर वाळवलेले कपडे आणि वाऱ्याकडे तोंड एवढेच उरते. म्हणजे जवळजवळ इशीचाच बेत! आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा मार्ग बंद केला. पण छायाचित्रकाराला हीच कसरत करावी लागते.

परंतु माझे मन या साबणांपेक्षा त्या चाळीस वर्षांपाशी अडते. याही माणसे पाऊलखूण उमटू नये म्हणून दगडावरून दगडावर चालत, धूर दिसू नये म्हणून लहान विस्तव करीत. हरिणापासून आपले अस्तित्व लपविण्याची कला त्यांना माणसांपासून जीव वाचविण्यासाठी वापरावी लागली. शिकारी आणि सावज अशी दोन्ही विद्या एकाच अंगात होती, आणि दुसरी तर कोणीही हौसेने शिकलेले नव्हते.

१९१४ मध्ये क्रोबर, पोप आदी मंडळींनी इशीला त्याच्या दऱ्यांत परत नेले. तो प्रथम जाण्यास नाखूष होता. २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने त्याचा अंत झाला. त्याच्या शवाची चिकित्सा होऊ नये, असे क्रोबर यांनी परगावाहून लिहून कळविले होते; तरी ती झाली आणि त्याचा मेंदू वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे गेला. तो २००० मध्ये त्याच्या नातलग जमातींना परत मिळाला आणि अस्थींसह त्याच्या मूळ प्रदेशात पुरण्यात आला. ती जागा कोठे आहे, हे त्यांनी जाहीर केलेले नाही.