'झेल्डा'चा सगळ्यात भारी गेम कोणता? चाहत्यांचं उत्तर सारखं का बदलतं?

ऑगस्ट २०००. निन्टेन्डो या जपानी कंपनीने आपल्या येऊ घातलेल्या 'गेमक्यूब' कन्सोलची ताकद दाखवायला एक छोटी क्लिप दाखवली. त्यात हिरव्या कपड्यांतला लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ तलवारी घेऊन एकमेकांना भिडले होते. सगळं अगदी खऱ्यासारखं. चाहत्यांनी ठरवूनच टाकलं, 'झेल्डा'चा पुढचा गेम असाच दिसणार.

वर्षभराने खरा गेम समोर आला आणि अनेकांचा हिरमोड झाला. या गेममधला लिंक टपोऱ्या डोळ्यांचा, मोठ्या डोक्याचा, थेट कार्टूनमधून उचलून आणल्यासारखा होता. या चित्रशैलीला 'सेल शेडिंग' म्हणतात. त्यावरून नाराज चाहत्यांनी गेमला 'सेल्डा' असं टोपणनावही देऊन टाकलं.

तो गेम म्हणजे 'द विंड वेकर'. आज 'तुमचा आवडता झेल्डा कोणता?' असं विचारलं, की हेच नाव अभिमानाने घेणारे भरपूर चाहते भेटतात. मधल्या काळात नेमकं काय बदललं? आणि जवळपास चार दशकं चाललेला हा वाद अजून का मिटत नाही?

आधी मुळात 'झेल्डा' म्हणजे काय?

'द लेजंड ऑफ झेल्डा' ही निन्टेन्डोची साहस-कल्पनारम्य गेम्सची मालिका. पहिला गेम जपानमध्ये २१ फेब्रुवारी १९८६ रोजी आला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे कर्ते. यातल्या मियामोतोंची दुसरी ओळख म्हणजे 'मारिओ'चे जनक.

नव्या माणसाचा पहिला गोंधळ नावापासूनच होतो. झेल्डा हे राजकन्येचं नाव आहे. आपण खेळतो तो नायक म्हणजे लिंक. राज्य हायरूल, खलनायक बहुतेक वेळा गॅनन किंवा गॅननडॉर्फ, आणि सगळ्यांचा डोळा 'ट्रायफोर्स' या तीन सोनेरी त्रिकोणांच्या दैवी शक्तीवर.

यातली खरी गंमत अशी की बहुतेक गेम्समध्ये गोष्ट पुन्हा नव्याने सुरू होते. लिंक नवा, झेल्डा नवी, हायरूलचा नकाशाही नवा. कीर्तनात आख्यान तेच असतं, पण कीर्तनकार बदलला की रंग बदलतो, तसंच हे. त्यामुळे कोणताही गेम कुठूनही खेळता येतो, आणि त्यामुळेच तुलनाही अटळ ठरते.

तलवार कुठे आहे, हे कुणी सांगायचं?

मियामोतो यांचं बालपण क्योटोजवळच्या सोनोबे गावात गेलं. डोंगर, रान आणि गुहा धुंडाळताना येणारी मजा त्यांना गेममध्ये आणायची होती. पहिल्या 'झेल्डा'त लिंक नुसती ढाल घेऊन उभा असतो. समोर तीन वाटा आणि एका गुहेचं तोंड. गुहेत गेलात तर एक म्हातारा तलवार देतो. नाही गेलात तर तुमची मर्जी, गेम अडवत नाही.

पुढेही तेच. कुठलं झुडूप जाळलं की जिना सापडेल, कुठल्या भिंतीवर बॉम्ब लावला की दार उघडेल, याची फारशी खूणही नसते. खेळणाऱ्यांनी आपसांत बोलावं, एकमेकांना युक्त्या सांगाव्यात, ही त्यामागची कल्पना होती. म्हणजे चाहत्यांच्या चर्चा या गेमच्या रचनेतच होत्या.

पण दुसऱ्याच गेमने, १९८७ च्या 'झेल्डा २'ने, साचा मोडला. वरून दिसणारं जग जाऊन बाजूने दिसणाऱ्या लढाया आल्या. हा गेम आजही मालिकेतला वेगळा आणि अवघड भाऊ मानला जातो. १९९१ च्या 'अ लिंक टू द पास्ट'ने गाडी पुन्हा रुळावर आणली. त्यात एकाच नकाशाची दोन रूपं होती, एक उजेडाचं जग आणि एक अंधाराचं. द्विमितीय 'झेल्डा'त सर्वोत्तम कोणता, या प्रश्नावर बहुतेकदा याच गेमचं नाव येतं.

'ओकारिना'चं स्थान इतकं पक्कं कसं?

नोव्हेंबर १९९८ मध्ये 'ओकारिना ऑफ टाइम' आला आणि मालिका त्रिमितीय झाली. तेव्हा त्रिमितीय जगात तलवारीने लढणं ही डोकेदुखी असायची. शत्रू एकीकडे, कॅमेरा भलतीकडे. 'ओकारिना'ने 'झेड टार्गेटिंग' आणलं. एक बटण दाबलं की नजर शत्रूवर खिळते आणि लिंक त्याच्याभोवती फिरत लढतो. पुढच्या काळात असंख्य गेम्सनी ही पद्धत उचलली.

गोष्टही मनाला भिडणारी होती. लहानगा लिंक पवित्र तलवार उपसतो आणि सात वर्षांनी जागा होतो, तेव्हा ओळखीचं जग उद्ध्वस्त झालेलं असतं. समीक्षांची सरासरी काढणाऱ्या 'मेटाक्रिटिक' या संकेतस्थळावर या गेमला १०० पैकी ९९ गुण आहेत. तिथे इतके गुण दुसऱ्या कुठल्याही गेमला नाहीत.

तरीही 'वॉटर टेम्पल' हे नाव काढलं की चाहते कपाळाला हात लावतात. या पाण्यातल्या मंदिरात लोखंडी बूट सतत घाला-काढायला लागायचे आणि प्रत्येक वेळी गेम थांबवून मेन्यू उघडावा लागायचा. डंजन, म्हणजे कोड्यांनी भरलेले असे भुयारी महाल, रचणारे एजी आओनुमा हेच पुढे मालिकेचे प्रमुख झाले. २०११ च्या 'थ्रीडीएस' आवृत्तीत बूट चटकन बदलायची सोय आली.

दर वेळी तेच: आधी नाराजी, मग प्रेम

चाहत्यांनीच या प्रकाराला नाव दिलंय, 'झेल्डा सायकल'. नवा गेम आला की जुन्याच्या तुलनेत तो फिका वाटतो. काही वर्षं गेली की तोच गेम 'अरे, किती वेगळा होता!' म्हणून डोक्यावर घेतला जातो. एवढ्यात पुढचा गेम आलेला असतो आणि नाराजीचा मोर्चा तिकडे वळतो.

२००० सालचा 'मेजोराज मास्क' बघा. 'ओकारिना'चीच पात्रं आणि तंत्र वापरून जेमतेम दीड वर्षात तो आणला गेला. त्यात आकाशातून चंद्र कोसळतोय आणि गेममधल्या तीन दिवसांत जग संपणार आहे. वेळ संपत आली की पुन्हा पहिल्या दिवसावर जायचं. अनेकांना या घड्याळाचं दडपण यायचं. त्यातच मोठे डंजन फक्त चार. आज मात्र मृत्यू समोर दिसत असताना साधी माणसं कशी वागतात, हे दाखवणारा गेम म्हणून त्याचं कौतुक होतं.

'विंड वेकर'चीही तीच गत. तक्रारी अगदीच खोट्या नव्हत्या. समुद्रातला प्रवास लांबलचक होता आणि शेवटची ट्रायफोर्सच्या तुकड्यांची शोधाशोध कंटाळवाणी होती. २०१३ च्या एचडी आवृत्तीत वेगवान शीड आलं आणि ती शोधाशोधही कमी झाली. दरम्यान, त्या काळातले 'खऱ्यासारखे' दिसणारे बरेच गेम जुनाट वाटू लागले. ज्या कार्टून चित्रांची टर उडवली होती, ती मात्र आजही ताजी दिसतात.

मागणी होती म्हणून २००६ मध्ये गंभीर, वास्तववादी 'ट्वायलाइट प्रिन्सेस' आला. तेव्हा टाळ्या मिळाल्या, पण नंतर 'हा तर ओकारिनाचीच नक्कल' अशी कुजबुज सुरू झाली. २०११ च्या 'स्कायवर्ड सोर्ड'मध्ये कंट्रोलर हातात धरून खरोखर तलवारीसारखा फिरवावा लागायचा. काहींना ते आवडलं, काहींचा हात दुखला. २०२१ च्या आवृत्तीत नुसत्या बटणांवर खेळायची सोय आल्यावर अनेकांनी त्याला दुसरी संधी दिली.

म्हणजे मत बदलण्यामागे फक्त जुन्या आठवणी नसतात. अनेकदा गेमच दुरुस्त होऊन परत आलेला असतो.

आताचा खरा वाद: मोकळीक की कोडी?

३ मार्च २०१७ रोजी 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' आला आणि वादाचं स्वरूपच बदललं. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांच्या टीमने मालिकेचे सगळे रिवाज पुन्हा तपासले. आपल्या कल्पना तपासण्यासाठी त्यांनी १९८६ च्या गेमसारखा दिसणारा एक छोटा द्विमितीय नमुनाही बनवला होता.

सुरुवातीचं पठार सोडलं की कुठेही जा. दिसेल तो डोंगर चढा, गवत पेटवा, वाऱ्यावर तरंगा. हवं तर थेट शेवटच्या शत्रूला जाऊन भिडा. 'ओकारिना'च्या सुमारे ७६ लाख प्रती विकल्या गेल्या होत्या. 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'च्या एकट्या स्विच कन्सोलवर ३ कोटींहून अधिक.

या यशातच भांडणाचं बी होतं. जुन्या पद्धतीत डंजनमध्ये शिरायचं, तिथे एखादं नवं हत्यार मिळायचं, त्यानेच तिथली कोडी सुटायची आणि मग बाहेरच्या जगात नव्या वाटा उघडायच्या. ही रचना नव्या गेममध्ये गेली. तिच्या जागी १२० छोटी 'श्राइन्स' आली. तलवारी वापरून मोडू लागल्या. पाऊस आला की डोंगर चढताना हात निसटू लागले.

एका गटाला हेच खरं साहस वाटतं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, जग मोठं झालं पण नेटकं रचलेलं कोडं सुटल्यावर मिळणारा आनंद कमी झाला.

१२ मे २०२३ रोजी आलेल्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'च्या पहिल्या तीन दिवसांतच १ कोटी प्रती खपल्या. त्यात वस्तू जोडून गाड्या, विमानं काहीही बनवता येतं. कोरोक नावाच्या छोट्या वनप्राण्यांना रॉकेटला बांधून उडवणाऱ्या क्लिप्स तेव्हा सोशल मीडियावर धुमाकूळ घालत होत्या. पण 'नकाशा तर जुनाच' ही तक्रारही लगेच आली. सायकल चालूच.

इथे प्रश्न फक्त आवडीचा नाही. मोकळ्या जगाचा हा साचा पुढेही राहील, असे संकेत आओनुमा यांनी २०२३ मध्ये दिले. त्यामुळे 'ओकारिना भारी' म्हणणारा चाहता एका अर्थी 'तसे गेम बंद करू नका' असंच सांगत असतो. २०२४ च्या 'इकोज ऑफ विजडम'ने दोन्ही गटांना थोडं थोडं दिलं: डंजन आहेत, पण वस्तूंच्या प्रतिकृती बनवून कोडी हवी तशी सोडवता येतात. मुख्य म्हणजे यात नायिका खुद्द झेल्डा आहे. दिग्दर्शनात तोमोमी सानो होत्या, या मालिकेच्या पहिल्या महिला दिग्दर्शक.

तुलना करायला आधी गेम मिळाला तर पाहिजे

या वादात एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. प्रत्येकाने सगळे गेम खेळलेलेच नसतात, आणि खेळायचं म्हटलं तरी ते सहज मिळत नाहीत. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या कन्सोल्सची ऑनलाइन दुकानं बंद केली. जुने गेम हळूहळू सशुल्क सेवेतून परत येतायत. 'ओकारिना' २०२१ मध्ये स्विचवर आला आणि 'विंड वेकर' २०२५ मध्ये स्विच २ वर. जो गेम परत येतो, त्याला नवे चाहते मिळतात. जो अडकून पडतो, तो यादीतून घसरतो.

भारतातली गोष्ट आणखी वेगळी. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली कन्सोल्समधून, कॅसेट बदलत, 'मारिओ' आणि 'कॉन्ट्रा' घराघरांत पोहोचले. 'झेल्डा' त्या मानाने मागे राहिला. त्यामुळे इथल्या अनेकांची पहिली ओळख थेट 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'पासून होते आणि तुलनाही तिथूनच सुरू होते.

मग सुरुवात कुठून करायची?

मोकळं भटकायला आवडत असेल तर 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'. त्याची पुढची गोष्ट असलेला 'टिअर्स ऑफ द किंगडम' त्यानंतर घ्या. गोष्ट आणि कोडी दोन्ही हवी असतील तर 'ओकारिना ऑफ टाइम', फक्त जुन्या ग्राफिक्सची तयारी ठेवा. वेळ कमी असेल तर १९९३ च्या 'लिंक्स अवेकनिंग'ची २०१९ ची नवी आवृत्ती. एका बेटावरची ही छोटी गोष्ट संपल्यावरही डोक्यातून जात नाही.

'मेजोराज मास्क' मात्र 'ओकारिना'नंतरच खेळा. ओळखीचे चेहरे अनोळखी जगात भेटतात, ते आधी ओळखीचे असतील तरच.