समुद्री गवत

समुद्री गवत हे समुद्राच्या खाऱ्या पाण्यात पूर्णपणे बुडून राहून आपले संपूर्ण जीवनचक्र पार पाडणाऱ्या सपुष्प वनस्पतींच्या गटाचे सामान्य नाव आहे. या गटात सुमारे ७० जातींचा समावेश होतो. अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांच्या उथळ किनाऱ्यांलगत या वनस्पती आढळतात आणि अनुकूल ठिकाणी त्यांची विस्तीर्ण कुरणे तयार होतात. या कुरणांनी सागरतळाचा ०.२ टक्क्यांहूनही कमी भाग व्यापलेला आहे. तरीही सागरतळाशी दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या सेंद्रिय कार्बनापैकी सुमारे १० टक्के किंवा त्याहून अधिक वाटा त्यांचा असल्याचे मानले जाते. माशांच्या पिलांना आसरा देणे, गाळ धरून ठेवणे आणि पाणी नितळ राखणे ही त्यांची इतर महत्त्वाची कार्ये होत.

नाव आणि वर्गीकरण

नावात 'गवत' असले तरी या वनस्पती गवताच्या कुळातील नाहीत. लांब, अरुंद, पट्टीसारख्या पानांमुळे त्यांना हे नाव मिळाले. त्या एकदलिकित वनस्पतींच्या अॅलिस्मॅटेलीझ या गणात मोडतात. झोस्टेरा, पोसिडोनिया, सायमोडोसिया, थॅलेशिया, एनहॅलस आणि हॅलोफिला या त्यांच्या प्रमुख प्रजाती आहेत.

समुद्री गवत आणि समुद्री शैवल यांत अनेकदा गल्लत केली जाते. शैवलांना खरी मुळे, खोड, पाने, फुले किंवा बिया नसतात. बहुतेक मोठी शैवले खडकाला चिकटून वाढतात आणि पोषकद्रव्ये थेट पाण्यातून शोषून घेतात. समुद्री गवताला मात्र मुळे, जमिनीखालचे आडवे खोड, पाने, फुले व फळे असतात, आणि ते प्रामुख्याने वाळूत किंवा चिखलात रुजते. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर लाटांबरोबर वाहून येणारे तपकिरी सरगॅसम हे शैवल आहे, समुद्री गवत नव्हे.

उत्क्रांती

समुद्री गवताचे पूर्वज जमिनीवरील सपुष्प वनस्पती होत्या. सुमारे ७ ते १० कोटी वर्षांपूर्वी त्यांच्यापैकी काही शाखा पुन्हा समुद्राकडे वळल्या. हे स्थित्यंतर एकदाच नव्हे, तर किमान तीन वेळा स्वतंत्रपणे घडले असावे. झोस्टेरा मरीना या जातीच्या जनुकसंचाची संपूर्ण मांडणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यावरून असे दिसले, की पाण्याखाली निरुपयोगी ठरलेली पर्णरंध्रे घडवणारी जनुके या वनस्पतीने गमावली आहेत.

रचना आणि पुनरुत्पादन

समुद्री गवताच्या पानांना पर्णरंध्रे नसतात. कार्बन व पोषकद्रव्ये पानाच्या पातळ बाह्यत्वचेतून थेट शोषली जातात आणि प्रकाशसंश्लेषण करणारी हरितद्रव्येही मुख्यतः याच थरात असतात. तळाच्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. त्यामुळे पानांत तयार झालेला प्राणवायू अंतर्गत हवापोकळ्यांमधून मुळांपर्यंत पोहोचवला जातो.

बहुतेक जातींमध्ये परागण पाण्याच्या प्रवाहामार्फत होते. झोस्टेराचे परागकण गोल नसून काही मिलिमीटर लांबीच्या धाग्यांसारखे असतात, त्यामुळे ते फुलाच्या कुक्षीला सहज अडकतात. एनहॅलसमध्ये नरफुले सुटून पृष्ठभागावर तरंगतात आणि मादीफुलापर्यंत वाहत जातात. थॅलेशियाच्या एका जातीत लहान अपृष्ठवंशी प्राणीही पराग वाहून नेत असल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

बियांखेरीज आडव्या खोडाच्या वाढीतूनही कुरण पसरते. पश्चिम ऑस्ट्रेलियातील शार्क बे येथे पोसिडोनिया ऑस्ट्रॅलिस या जातीचे सुमारे १८० किलोमीटर लांबवर पसरलेले कुरण हे एकाच रोपापासून वाढलेले असल्याचे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. त्याचे वय किमान ४,५०० वर्षे असावे असा अंदाज आहे.

परिसंस्थेतील भूमिका

पाण्याची स्वच्छता: पानांच्या दाटीमुळे प्रवाहाचा वेग मंदावतो आणि पाण्यात तरंगणारा गाळ खाली बसतो. मुळांचे व खोडांचे जाळे हा गाळ धरून ठेवते, त्यामुळे लाटांनी होणारी किनाऱ्याची धूपही कमी होते. इंडोनेशियातील बेटांजवळ झालेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कुरणे असलेल्या ठिकाणी रोगकारक जिवाणूंचे प्रमाण सुमारे निम्मे आढळले; शेजारच्या प्रवाळांमध्येही रोग कमी दिसले.

अन्न आणि आसरा: डुगाँग हा सस्तन प्राणी आणि हिरवे समुद्री कासव हे समुद्री गवत थेट खातात. प्रौढ डुगाँग दिवसाला सुमारे ३० ते ४० किलोग्रॅम गवत फस्त करतो. मात्र अनेक कुरणांत हिरव्या पानांपेक्षा पानांवर वाढणारी सूक्ष्म शैवले आणि कुजलेले अवशेष हाच अन्नसाखळीचा मोठा आधार असतो. झिंगे, खेकडे, समुद्रघोडे आणि अनेक खाद्य माशांची पिले या पानांत भक्षकांपासून लपून वाढतात. मोठी झाल्यावर त्यांपैकी काही प्रवाळभित्तींकडे किंवा खोल पाण्याकडे जातात.

कार्बनसंचय: गाळात प्राणवायू नसल्याने मेलेली मुळे व खोडे फार सावकाश कुजतात. त्यांत साठलेला कार्बन शेकडो, काही ठिकाणी हजारो वर्षे टिकून राहतो. भूमध्य समुद्रातील पोसिडोनिया ओशियानिकाखाली अशा अवशेषांचा थर काही मीटर जाडीचा झालेला आढळतो.

भारतातील आढळ

भारतात समुद्री गवताच्या सुमारे १५ जातींची नोंद आहे. सर्वांत मोठी कुरणे तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत मन्नारचे आखात आणि पाल्कची सामुद्रधुनी येथे आहेत. लक्षद्वीप, अंदमान व निकोबार बेटे, कच्छचे आखात आणि ओडिशातील चिलिका सरोवर येथेही ती आढळतात.

कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर मोठी कुरणे आढळत नाहीत. येथील नद्या पावसाळ्यात भरपूर गाळ आणतात आणि पाणी दीर्घकाळ गढूळ राहते. तरीही काही खाड्यांमध्ये, खारफुटीलगतच्या चिखलपट्ट्यांवर, हॅलोफिला बेकारी ही इवल्याशा पानांची जात वाढते. ही जात जागतिक पातळीवर असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे. आकाराने लहान असल्याने ती सहज नजरेआड होते.

लक्षद्वीपचे उदाहरण

लक्षद्वीपमधील अगत्तीच्या खारकच्छात हिरव्या कासवांची संख्या मोठ्या प्रमाणावर वाढली, तेव्हा त्यांच्या सततच्या चरण्यामुळे कुरणे खुरटली आणि त्यांतील जातींचे प्रमाणही बदलले. कुरणांवर अवलंबून असलेले मासे कमी झाले. कासवांमुळे मासे घटतात व जाळी फाटतात अशी मच्छीमारांची तक्रार होती, तर हिरवे कासव कायद्याने संरक्षित आहे. त्यामुळे एका प्राण्याचे संरक्षण आणि लोकांची उपजीविका यांत संघर्ष उभा राहिला.

शार्क बे येथील दीर्घकालीन अभ्यासातून याची दुसरी बाजू दिसते. तेथे टायगर शार्कच्या धाकामुळे डुगाँग व कासवे एकाच जागी फार काळ चरत नाहीत आणि कुरणाला भरून येण्यास अवधी मिळतो. त्यामुळे चरणारा प्राणी, त्याचा भक्षक आणि कुरण यांचा विचार एकत्रितपणे करावा लागतो.

ऱ्हास

समुद्री गवताला पृष्ठभागावरील प्रकाशाच्या सुमारे १० टक्के प्रकाश लागतो. वनस्पतिप्लवकांना पुरणाऱ्या प्रकाशापेक्षा ही गरज कितीतरी जास्त आहे. म्हणून पाण्याचा गढूळपणा हे त्याच्या ऱ्हासाचे प्रमुख कारण ठरते. शेतातील खते व सांडपाणी यांमुळे शैवलांची बेसुमार वाढ होऊन पानांवर सावली पडते. बंदरांसाठी होणारा गाळउपसा, तळ खरवडणारी जाळी, नौकांचे नांगर आणि समुद्री उष्णतेच्या लाटा यांमुळेही हानी होते. २०११ च्या उष्णतेच्या लाटेत शार्क बे येथील एक तृतीयांशाहून अधिक कुरणांना फटका बसला.

कुरण एकदा विरळ झाले, की मोकळा झालेला गाळ लाटांबरोबर वर येतो, पाणी आणखी गढूळ होते आणि उरलेली रोपेही प्रकाशाअभावी मरतात. अशा रीतीने ऱ्हास स्वतःच स्वतःला वेग देतो. त्यामुळे प्रदूषण थांबवल्यावरही कुरण आपोआप परत येईलच असे नाही.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार, १८७९ पासून नोंद असलेल्या कुरणांपैकी सुमारे २९ टक्के क्षेत्र नष्ट झाले. १९३० च्या दशकात लॅबिरिंथुला या सूक्ष्मजीवामुळे पसरलेल्या रोगाने उत्तर अटलांटिकच्या किनाऱ्यांवरील झोस्टेराचा बहुतांश भाग नाहीसा झाला. केवळ या वनस्पतीवरच राहणारा लॉटिया अॅल्व्हियस हा छोटा गोगलगायवर्गीय प्राणी त्यानंतर कायमचा नामशेष झाला.

संवर्धन आणि पुनरुज्जीवन

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या किनारी खारकच्छांतून हा रोग आणि १९३३ चे चक्रीवादळ यांमुळे झोस्टेरा पूर्णपणे नाहीसे झाले होते. या शतकाच्या सुरुवातीपासून तेथे सुमारे दोन दशकांत ७ कोटींहून अधिक बिया पेरण्यात आल्या आणि कुरण ३,६०० हेक्टरांपर्यंत पसरले. तेथील पाणी मुळात पुरेसे स्वच्छ होते, हे या यशाचे एक महत्त्वाचे कारण होय.

युरोपीय संघाने भूमध्य समुद्रातील समुद्री गवताच्या कुरणांवर तळ खरवडणाऱ्या जाळ्यांनी मासेमारी करण्यास २००६ च्या नियमाद्वारे बंदी घातली. तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे भारतातील पहिले डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र घोषित केले. डुगाँगच्या अन्नाचा आधार असलेली कुरणेही त्यामुळे संरक्षणाखाली आली. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने त्याच वर्षी १ मार्च हा 'जागतिक समुद्री गवत दिन' म्हणून घोषित केला आणि २०२३ पासून तो पाळला जातो.