दोन मुक्कामांची कथा : शिरूर आणि दौंड

चालणाऱ्यास मुक्काम हवा आणि मुक्कामाच्या गांवास चालणारे हवेत. वाटेवरच्या गांवांचा सारा इतिहास ह्या एका वाक्यांत येतो. परंतु वाट कायमची कोणाच्याच दारावरून जात नाहीं. ती वळली म्हणजे मुक्कामाच्या गांवानें काय करावें? पुणें जिल्ह्यांतील घोड नदीच्या कांठचें शिरूर आणि भीमेच्या कांठचें दौंड ह्या दोन गांवांस हा प्रश्न काळानें आळीपाळीनें विचारला आहे.

शिरूरास लोक घोडनदी ह्या नांवानेंही ओळखतात. पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, जाणाऱ्या रस्त्यावरील हें नदी ओलांडण्याचें ठिकाण. १८०२ च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी येथें पडली. ३१ डिसेंबर १८१७ रोजीं रात्रीं कॅप्टन स्टाँटनची तुकडी येथूनच निघाली, रात्रभर चालली आणि दुसरे दिवशीं अन्नपाण्यावांचून कोरेगांवास लढली. त्या तुकडीस पुढें विसावा मिळाला तोही शिरूरासच.

छावणीला दाणावैरण लागे, कापडचोपड लागे. त्यामुळें पेठ वाढली. पुढें छावणी उठली. मागें राहिलीं तीं थडगीं. त्यांपैकीं एक कर्नल वॉलेस ह्याचें. तो १८०९ सालीं शिरूरास वारला. आसपासच्या शेतकऱ्यांनीं त्यास सत्पुरुष मानलें, आणि सुगीचें पहिलें धान्य ते त्याच्या थडग्यापुढें नैवेद्य म्हणून ठेवीत, अशी नोंद पुणें जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरांत आहे. परकी फौज निघून गेली. पण तिच्यांतील एका माणसास गांवानें आपल्या सुगींत सामावून घेतलें. बदल पचविण्याची ही खास खेड्याची रीत होय.

दौंडचें दैव उघडलें तें आगगाडीनें. १८६० पर्यंत लोहमार्ग दौंडवरून सोलापुरास पोहोंचला. त्यानंतर १८७६ चा भयंकर दुष्काळ आला. शेतें ओस पडलीं आणि कुणबी कुदळ-फावडें घेऊन सरकारी दुष्काळी कामांवर गेला. दौंड-मनमाड लोहमार्गाचें मातीकाम ह्याच काळांत दुष्काळपीडितांच्या हातून झालें.

१८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल ह्यांच्या धोरणानें दुष्काळी कामांवरील मजुरी कमी करण्यांत आली. मोठ्या माणसास दिवसाला एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, असा तो हिशेब होता. दिवसभर माती उपसणाऱ्याचें एवढ्यांत भागेना. मुंबई इलाख्यांत हजारों मजूर काम टाकून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांचें गाऱ्हाणें सरकारपुढें मांडलें. येथें एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. पावसानें पाठ फिरविली, तें त्या लोकांनीं सोसलें. माणसानें केलेली कुचंबणा मात्र त्यांनीं मुकाट्यानें सोसली नाहीं. बदल स्वीकारणें म्हणजे अन्याय स्वीकारणें नव्हे. आणि ज्या कष्टाला पोटभर अन्नाची व विसाव्याची जोड नाहीं, तो उद्योग नव्हे, ती झीज होय.

१८७८ सालीं हा मार्ग खुला झाला. नगरचा माल आगगाडीनें जाऊं लागला आणि शिरूरवरून जाणाऱ्या बैलगाड्यांची रीघ ओसरली. उपासपोटीं ज्यांनीं तो बांध घातला, त्यांच्यांत ह्याच रस्त्यावरचे गाडीवानही असतील. शिरूरानें हाय खाल्ली नाहीं. तें शेतीच्या व बाजाराच्या आधारानें उभें राहिलें. इकडे दौंड हें जंक्शन झालें. पुण्याहून नगरकडे जाणारी गाडी येथें थांबे, तिचें इंजिन सुटे आणि दुसऱ्या टोकास जोडलें जाई. ड्रायव्हर व गार्ड येथें पाळी संपवून अंग टाकीत. थांबणें हाच गांवाचा उद्योग झाला.

परंतु वाट पुन्हां वळली. अलीकडे दौंडजवळ जोडमार्ग झाल्यामुळें इंजिन न फिरवितां गाड्या थेट मनमाडकडे जाऊं शकतात, आणि कांहीं गाड्या जुन्या स्टेशनांत शिरतही नाहींत. उलट शिरूरच्या जुन्या रस्त्यावर, रांजणगांवास, विसाव्या शतकाच्या अखेरीस औद्योगिक वसाहत उभी राहिली. ज्या शिवारांत दिवेलागणीनंतर औतें विसावत, तेथें आतां रात्रपाळीचे भोंगे होतात आणि रात्रीं राबलेला कामगार दिवसा डोळा लावतो.

एका गांवाचें ओहोटलें तें दुसऱ्यास लाभलें, आणि कालांतरानें पारडें पुन्हां हललें. नदीच्या कांठचीं हीं माणसें. पूर आला तर मागें सरावें, ओसरला तर गाळांत पेरावें, हें त्यांस कोणी शिकवावें लागलें नाहीं. मात्र पेरणाऱ्याच्या वांट्याला घास आणि झोंप दोन्ही यावींत, एवढा हट्ट त्यांनीं १८७७ सालीं धरला होता. वाटा पुढेंही वळतील. तो हट्ट सोडण्याचें कारण नाहीं.