शिक्षणाचे ऋण : काल आणि आज



दरवर्षी बारावीचा निकाल लागला की आपल्या चामोर्शीत एक प्रश्न घरोघर विचारला जातो. "मुलगा हुशार आहे, पण पैसा कुठून आणायचा?" धानाचे चुकारे आणि तेंदूपत्त्याच्या हंगामाची मजुरी एवढ्यावर ज्या घराचा वर्षाचा हिशेब बसवायचा, त्या घराने नागपूरच्या कॉलेजची फी कशी भरावी? कोणी सुचवतो, "बँकेचे कर्ज काढा." ते ऐकून वडील गप्प बसतात. कर्ज या शब्दाची आपल्या लोकांना जुनी भीती आहे. ती कोठून आली आणि शिक्षणासाठी ऋण काढणाऱ्यांचे पूर्वी काय झाले, हे इतिहासाचा एक शिक्षक या नात्याने आपल्यासमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

या भीतीला कारण आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जरोखे बाहेर काढून जाळले. त्यांचा राग माणसापेक्षा कागदावर अधिक होता. वाचता न येणाऱ्या माणसाने ज्या कागदावर अंगठा उठवला, त्याच कागदाने त्याची जमीन नेली होती. चार वर्षांनी, १८७९ साली, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला आणि कर्जाचा मागचा हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. ऋण तर वाईटच, पण न वाचता सही केलेले ऋण त्याहून वाईट, हा त्या प्रसंगाचा धडा आहे.

आता शिक्षणाच्या ऋणाकडे वळू. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. तिच्यासोबत एक करार होता : शिक्षण झाल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. १९१७ साली बाबासाहेब त्याप्रमाणे बडोद्यास गेले. परंतु अस्पृश्य म्हणून त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळेना, कचेरीत पाणी मिळेना. थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. करार मोडला म्हणून रकमेची मागणी मागे लागली, आणि पुढे महाराजांनी ती माफ केली. लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० साली ते पुन्हा निघाले, ते मुंबईत प्राध्यापकी करून साठवलेल्या पैशांवर, मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेल्या पाच हजार रुपयांच्या कर्जावर आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या मदतीवर. एवढ्या मोठ्या पंडितालाही शिक्षणासाठी हात उसना करावा लागला. तेव्हा वाचकहो, शिकण्यासाठी ऋण काढण्यात लाज मानण्याचे कारण नाही. मात्र करार पाळण्याची इच्छा असूनही परिस्थिती तो पाळू देत नाही, असे घडू शकते, हेही या हकिकतीतून दिसते.

त्याच काळात दुसरा एक मार्ग निघाला. ऋणाचा भार एकट्या विद्यार्थ्यावर न टाकता समाजाने तो वाटून घ्यावा, असा तो विचार होता. १८७४ साली बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींनी मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली आणि १९०६ साली मुस्लिम मुलांसाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. आपल्या विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली. या संस्थांतून शिकून बाहेर पडलेल्या हजारो मुलांच्या डोक्यावर सावकार नव्हता.

स्वातंत्र्यानंतर, १९६३ साली, केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्यात एक सुंदर तरतूद होती. जो विद्यार्थी पुढे शिक्षक होईल, त्याच्या कर्जाचा दहावा हिस्सा नोकरीच्या प्रत्येक वर्षाला माफ होत असे. समाजाची सेवा हीच परतफेड मानली गेली. ती योजना पुढे बंद पडली.

१९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. जागा वाढल्या, ही चांगली गोष्ट झाली, पण फीचे ओझे कुटुंबावर आले. २००१ साली बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली, आणि ज्या घरात पूर्वी फक्त पीककर्ज होते तेथे शिक्षणाचे कर्जही आले.

हे कर्ज रोजच्या जगण्यात काय करते, ते हिशेबानेच पाहू. समजा, चार वर्षांच्या शिक्षणासाठी दरवर्षी एक लाख, असे चार लाख रुपये दहा टक्के व्याजाने घेतले. शिक्षणाच्या काळात आणि पुढे एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चढत असते. ते १ लाख ४० हजार होते. परतफेड सुरू होताना देणे ५ लाख ४० हजारांचे असते. सात वर्षांची मुदत धरल्यास महिना सुमारे नऊ हजारांचा हप्ता पडतो, आणि चार लाखांचे शेवटी साडेसात लाख भरावे लागतात. पहिली नोकरी वीस हजारांची असेल तर खोलीभाडे, खाणावळ आणि घरी पाठवायचे पैसे उरलेल्या अकरा हजारांतून भागवायचे!

मग काय होते? आवडीचे काम सोडून मिळेल ते काम धरावे लागते. स्पर्धा परीक्षेची तयारी राहून जाते. बहिणीचे लग्न, घराची कौले, आईचे औषध या गोष्टी पुढच्या महिन्यावर जातात. मुलगा ईदला गावी येतो, पण मन हप्त्याच्या तारखेत असते. कर्जावर वडिलांचीही सही असते, म्हणून हप्ता थकला की बापलेक दोघांचेही नाव पतनोंदीत खराब होते. आणि नोकरीच लागली नाही तर? मुलगा गावात चारचौघांत बसणे टाळू लागतो. हे नुकसान बँकेच्या वहीत कोठेच लिहिलेले नसते.

श्रीमंत देशांतही हे दुखणे आहे. अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या डोक्यावर दीड लाख कोटी डॉलरहून अधिक कर्ज आहे, आणि २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने सरकारची मोठी कर्जमाफी रद्द ठरवली. ऑस्ट्रेलियाने १९८९ साली वेगळी वाट धरली. तेथे ठरावीक मर्यादेपेक्षा कमाई वाढल्यावरच वसुली सुरू होते.

तर आपण काय करावे? भीतीने मुलीचे किंवा मुलाचे शिक्षण तोडू नये आणि हौसेने आंधळी सहीही करू नये. कर्जाआधी शिष्यवृत्ती आणि फीसवलत शोधावी. राज्याचे मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज देते. बँकेच्या योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, हे ठाऊक असावे. शक्य असेल तर शिकतानाच व्याज भरत जावे. कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा तेथून निघालेल्या मुलांना काय काम मिळाले याची चौकशी करावी. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आपल्या गडचिरोलीतच आहे, हेही विसरू नये.

व्याजाविषयी अनेक घरांत धर्माचा संकोच असतो, तो मी जाणतो. देणे-घेणे लिहून ठेवा, अडचणीतल्या ऋणकोला सवड द्या, ही कुराणाची शिकवण आहे, आणि जकातीच्या हक्कदारांत कर्जात बुडालेला माणूसही गणलेला आहे. मग आपल्या मोहल्ल्यातील कमावत्या मंडळींनी दरमहा थोडी रक्कम बाजूला काढून दोन-चार विद्यार्थ्यांना बिनव्याजी कर्जे हसना का देऊ नये? शिकलेला मुलगा ती फेडील आणि तीच रक्कम पुढच्याच्या हाती जाईल.

यंदाही निकाल लागेल. कोणाच्या घरी वडील गप्प बसलेले दिसले, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि कागद-पेन घेऊन त्यांच्याबरोबर हिशेब मांडा.