कपाटातली मुलं

परवा धाकटीचा फोटो टाकला, अंगावर केशरी त्रिकोणी पट्टा घालून एकटीच बालवाडीला निघालेली. तेव्हापासून बऱ्याच जणांनी विचारलं: एवढ्याशा मुलीला एकटी कशी सोडता, तो पट्टा कसला, ॲडमिशनला किती मोजले? एकेकाला उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहिते. लांब आहे आणि त्यात बराचसा इतिहास आहे. चहा घेऊन बसा.

आधी व्यवहाराचं. झुरिक कँटनमध्ये ३१ जुलैपर्यंत मूल चार वर्षांचं झालं, की ऑगस्टपासून त्याला दोन वर्षांची बालवाडी सक्तीची. फी नाही, डोनेशन नाही, पालकांची मुलाखत नाही. आम्ही आल्यावर चौदा दिवसांच्या आत वॉर्डाच्या कार्यालयात नाव नोंदवलं, आणि पुढे शाळा खात्याचं पत्र घरी आलं: तुमची मुलगी अमुक बालवाडीत, अमुक तारखेला. पट्टा शाळाच देते, गाडीवाल्यांना मूल लांबून दिसावं म्हणून. पोलीस वर्गात येऊन रस्ता कसा ओलांडायचा ते शिकवतात, आणि गाडीने सोडायला येऊ नका असं पालकांना सांगितलं जातं. पहिले काही दिवस मी झाडाआडून मागे मागे जायचे, ते सोडून द्या. भाषेचं म्हणाल तर बालवाडीत पुस्तकी जर्मन नाही, इथली बोली. २०११ मध्ये कँटनच्या मतदारांनी तसं मत देऊन ठरवलंय. त्यामुळे मी क्लासात शिकते ते जर्मन आणि पोरगी घरी आणते ते जर्मन, यांची गाठ पडत नाही.

तर हे सगळं इतकं सरळ झालं, की ते पहिल्यापासून असंच असणार असं वाटतं. तसं नव्हतं. आमच्या परवान्यांच्या कागदांवर एक शब्द आहे, ‘फामिलियननाखत्सुग’. नवऱ्याला इथे नोकरी, म्हणून तो आला. मी आणि दोन्ही मुलं त्याच्या मागून आलेलं कुटुंब. या मागून येण्याची परवानगी देणं न देणं सरकारच्या हातात असतं. आणि स्वित्झर्लंडने कामगारांच्या एका मोठ्या वर्गाला ती कित्येक दशकं दिलीच नाही.

१९३४ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांच्या कायद्यात एक ‘मोसमी परवाना’ होता. दुसऱ्या महायुद्धात या देशाचे कारखाने शाबूत राहिले. युद्ध संपल्यावर मागणी प्रचंड आणि माणसं कमी. १९४८ मध्ये इटलीशी करार झाला आणि इटलीतून आगगाड्या भरभरून माणसं येऊ लागली. बांधकाम, हॉटेलं, शेती, सगळीकडे तीच. किआस्सो आणि ब्रिग या सीमेवरच्या स्टेशनांवर त्यांना उतरवून, कपडे काढायला लावून तपासायचे, छातीचा एक्सरे काढायचे. पास झाला तर पुढे.

मोसमी परवान्याचा हिशेब असा: वर्षातले जास्तीत जास्त नऊ महिने काम, मग देश सोडायचा, पुढच्या हंगामात परत. मालक बदलायचा नाही, कँटन बदलायचं नाही, राहायचं बहुतेकदा मालकाच्या बराकीत. आणि बायकामुलं आणायची नाहीत. लागोपाठ पाच हंगाम भरले तरच वर्षभराचा परवाना मिळण्याची शक्यता; मधे खंड पडला, थोडे दिवस कमी पडले, की गणती बिघडली. वर्षभराचा परवाना मिळाला तरी कुटुंब आणायला आधी तीन वर्षं थांबावं लागायचं. १९६४ च्या नव्या कराराने ते दीड वर्षावर आलं. शिवाय घर ‘पुरेसं मोठं’ आहे हे दाखवायचं. झुरिकमध्ये पुरेसं मोठं घर आजही कुणाला मिळत नाही, हे इथल्या भाडेकरूंना विचारा.

यामागे काही गोंधळ नव्हता, पक्का हिशेब होता. माणूस फिरता राहिला, की त्याच्यासाठी घर, शाळा, दवाखाना काही बांधावं लागत नाही. मंदी आली, की त्याचा परवाना पुढे वाढवायचा नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर झालंही तसंच. काही वर्षांत दोन लाखांहून जास्त परदेशी माणसं देश सोडून गेली आणि स्वित्झर्लंडच्या बेकारीच्या आकड्यात ती कुठेच दिसली नाहीत.

पण नवराबायको दोघंही मजुरी करायला आलेत, तर मूल कुठे ठेवायचं? बऱ्याच जणांनी गावी आजीकडे ठेवलं. काहींनी सीमेपलीकडे इटलीतच, दोमोदोस्सोला, कोमो अशा गावांतल्या अनाथाश्रमांत ठेवलं. आईबाप जिवंत, गाडीने काही तासांवर, आणि मूल अनाथाश्रमात. आणि काहींनी मुलं चोरून आत आणली आणि घरात लपवली. जर्मनमध्ये त्यांना ‘श्रांककिंडर’ म्हणतात, कपाटातली मुलं. दारावर थाप पडली, की कपाटात किंवा पलंगाखाली. अशी मुलं किती होती? लपवलेल्यांची नोंद कोण ठेवणार! इतिहासकारांचे अंदाज दहा-पंधरा हजारांपासून काही दशहजारांपर्यंत जातात.

आमच्या वरच्या मजल्यावर एक इटालियन बाई राहतात, साठी ओलांडलेल्या. माझी मुलं त्यांना नोन्ना म्हणतात, म्हणजे आजी. आम्ही राहायला आलो त्या महिन्यात आमच्या दाराला एक चिठ्ठी चिकटवलेली होती: मुलांच्या पळण्याचा आवाज येतो, दुपारी बारा ते एक शांतता पाळावी. मी रडकुंडीला आले होते. नोन्नाने चिठ्ठी वाचली आणि हसली. म्हणाली, तुझ्या मुलांचा आवाज येतो ना, येऊ दे. मग एकदा कॉफी पिताना तिने सांगितलं. पाच वर्षांची असताना गाडीच्या मागच्या सीटवर घोंगडीखाली झोपवून तिला सीमेपार आणलं. बाप बांधकामावर, आई लाँड्रीत. दिवसभर एका खोलीत एकटी. पडदे ओढलेले, बूट घालायचे नाहीत, घरात मोज्यांवर चालायचं. आईबाप यायच्या आत संडासात पाणी ओढायचं नाही, कारण खालच्यांना वाटेल घरात कुणीतरी आहे. आजारी पडली तर डॉक्टर नाही. समोरच्या अंगणात मुलं खेळायची, ती पडद्याच्या फटीतून बघायची. त्यांची नावं तिला पाठ होती, तिचं नाव त्यांना माहीत नव्हतं. बापाला वर्षाचा परवाना मिळाला आणि पुढची मुदत संपली, तेव्हा ती शाळेत गेली, आठव्या वर्षी. बाई हे सगळं दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखं सांगते.

शेजाऱ्यांनी चुगली केली म्हणून पकडली गेलेली कुटुंबं होती. तसेच गप्प राहून सांभाळून घेणारे शेजारी, रात्री येऊन तपासणारे डॉक्टर, नावनोंदणी न करता शिकवणारे शिक्षकही होते. ला शो-द-फों, जिनिव्हा अशा शहरांत अशा मुलांसाठी लपूनछपून शाळा चालल्या. कायदा मोडणाऱ्या शाळा! परवान्याचा कागद असो नसो, मुलाला शाळेत घ्यायचं, हे तत्त्व कँटनच्या शिक्षणप्रमुखांच्या परिषदेने ठामपणे मांडलं ते १९९१ मध्ये. माझ्या मुलीच्या आपोआप आलेल्या पत्रामागे हा रस्ता आहे.

लोकांचं मत काय होतं? इथे प्रत्येक गोष्टीवर मतदान होतं, तसं यावरही झालं. जेम्स श्वार्त्सेनबाख नावाचा झुरिकच्या श्रीमंत उद्योगपती घराण्यातला खासदार होता. त्याचा प्रस्ताव असा, की कुठल्याही कँटनमध्ये परदेशी लोक दहा टक्क्यांपेक्षा जास्त नकोत. एकट्या जिनिव्हाला सूट. मंजूर झाला असता तर तीन लाखांहून जास्त माणसांना जावं लागलं असतं. ७ जून १९७० ला मतदान झालं. चारातले जवळजवळ तीन मतदार मतदानाला आले, आणि ५४ टक्क्यांनी प्रस्ताव फेटाळला. फेटाळला खरा, पण ४६ टक्के ‘हो’ म्हणाले होते. ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं त्या घरांतल्या माणसांनी तो रविवार कसा काढला असेल. नोन्नाची आई सामान बांधून बसली होती म्हणे.

आणि मतदार म्हणजे फक्त पुरुष, बरं का. स्विस बायकांना देशपातळीवर मत मिळालं त्यानंतर आठ महिन्यांनी, ७ फेब्रुवारी १९७१ ला. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत आपल्या आज्या मत देऊन आल्या होत्या. १९८८ मध्ये नवा विवाह कायदा लागू होईपर्यंत इथे नवरा हा कायद्याने कुटुंबप्रमुख होता आणि बायकोच्या नोकरीला आडकाठी करू शकत होता. परदेशी मजुरांशी कठोर वागणारा कायदा घरच्यांशीही फार प्रेमाने वागत होता असं नाही.

मजूर मेले तेव्हाचीही एक गोष्ट आहे. ३० ऑगस्ट १९६५ ला व्हाले कँटनमध्ये माटमार्क धरणाच्या कामावर आलालिन हिमनदीचा प्रचंड तुकडा कोसळला. कामगारांच्या बराकी त्याच्याच खाली बांधल्या होत्या. ८८ माणसं गेली, त्यातली ५६ इटालियन. सतरा जणांवर खटला चालला, १९७२ मध्ये सगळे निर्दोष सुटले, आणि अपिलात मृतांच्या नातेवाइकांनाच निम्मा खर्च भरायला सांगितला गेला.

१९८१ मध्ये मोसमी परवाना रद्द करा असा प्रस्ताव लोकांपुढे आला. ‘मितेनांद’ हे त्याचं नाव, म्हणजे ‘एकमेकांसोबत’. ८४ टक्क्यांनी नाही म्हटलं. १९९७ मध्ये बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर शिक्कामोर्तब करतानाही स्वित्झर्लंडने कुटुंब एकत्र येण्याच्या कलमाबद्दल आपली हरकत नोंदवून ठेवली. शेवटी परवाना गेला तो २००२ मध्ये, युरोपीय संघाशी मुक्त वावराचा करार लागू झाला तेव्हा. कुणाचं मन द्रवलं म्हणून गेला नाही. बाजारपेठेसाठी करार हवा होता, आणि त्या करारात माणसाला कुटुंबासकट येऊ द्यावं लागत होतं.

आपल्या हिशेबात सांगायचं तर ‘चांदनी’ १९८९ चा आणि ‘दिलवाले दुल्हनिया’ १९९५ चा. दोन्हींचं चित्रीकरण या डोंगरांत झालं, तेव्हा मोसमी परवाना चालूच होता. इटालियन लोकांच्या जागी पोर्तुगीज आणि युगोस्लाव्ह आले होते, एवढाच फरक. आपण थिएटरात बसून बर्फ बघत होतो, आणि तिथल्या हॉटेलांत चादरी बदलणाऱ्या बाईला पोटचं पोर जवळ ठेवायची परवानगी नव्हती.

हे वाचून ‘बघा, गोरे लोक कसे’ असं कुणी म्हणू नका. कोकणातल्या कितीतरी घरांत आखातातला बाप वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर दिसतो, कारण तिथे कुटुंब नेण्यासाठी ठराविक पगार लागतो आणि मजुराचा तेवढा नसतो. बीडची ऊसतोड तर आपल्याच राज्यातली. तिथे परवाना कुणी मागत नाही, तरी मूल आजीकडे गावी किंवा आईबरोबर फडात. त्यांच्यासाठी साखरशाळा काढाव्या लागल्या.

त्या वेळची मुलं आता उतारवयाकडे झुकलीत. २०२१ मध्ये त्यांच्यातल्या काहींनी मिळून ‘तेसोरो’ नावाची संघटना काढली. तेसोरो म्हणजे खजिना. इटालियन आई लाडाने मुलाला तसं म्हणते, आपण ‘माझं सोनं’ म्हणतो तसं. त्यांची मागणी: झालं ते सरकारने मान्य करावं, माफी मागावी, अभ्यास व्हावा, भरपाई मिळावी. याला आधार आहे. गरीब घरांतली मुलं उचलून शेतांवर राबायला देण्याची इथे जुनी पद्धत होती. त्या मुलांची सरकारने २०१३ मध्ये जाहीर माफी मागितली आणि पुढे प्रत्येकी २५,००० फ्रँक दिले. ती मुलं मात्र स्विस होती.

आता ज्यांनी ‘आम्हीही प्रयत्न करतोय’ असं लिहिलंय, त्यांच्यासाठी. युरोपबाहेरच्या लोकांसाठी परवान्यांचा वार्षिक कोटा असतो, गेली काही वर्षं ८,५०० चा, आणि तो बहुतेक तज्ज्ञ, इंजिनियर, मॅनेजर अशांनाच. म्हणून आमच्यासारखे आलो. निर्वासितांमध्ये ज्यांच्याकडे फक्त तात्पुरता ‘एफ’ परवाना असतो, त्यांना कुटुंब आणायला आजही थांबावं लागतं, आणि सरकारी मदतीवर जगत असाल तर मिळत नाही. आणि आपल्या ‘बी’ परवान्यालाही कायद्यात शब्द आहे ‘कान’. जर्मनमध्ये त्याचा अर्थ ‘देता येईल’. ‘द्यावंच लागेल’ असं नाही. तेव्हा ऑफर आली की पगाराबरोबर विचारा, परवाना बी की एल, आणि कुटुंबाचा अर्ज कोण करणार. बायको किंवा नवरा मागून येणार असेल, तर जर्मनची पहिली पायरी नाहीतर क्लासला नाव घातल्याचा कागद लागतो. साधारण पाच वर्षांच्या आत अर्ज करायचा असतो, पण मूल बारा वर्षांच्या पुढचं असेल तर एकाच वर्षात. ‘आधी मी जातो, बस्तान बसलं की दहावीनंतर पोराला नेऊ’ असं ठरवत असाल, तर ही तारीख आधी बघा.