गुंड्याभाऊंचा चेहरा : बाळ कर्वे यांचे स्मरण

मराठी रंगभूमीवरील आणि दूरदर्शनवरील ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे यांचे २१ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत निधन झाले. त्यांचा जन्म २५ ऑगस्ट १९३० चा. वयाची पंचाण्णव वर्षे पूर्ण होण्यास अवघे चार दिवस उरले होते. नाटक, चित्रपट आणि दूरचित्रवाणी या तिन्ही क्षेत्रांत त्यांनी दीर्घकाळ काम केले. तरीही त्यांच्या निधनाची वार्ता महाराष्ट्रात पसरली ती प्रामुख्याने ‘गुंड्याभाऊ गेले’ अशा शब्दांत. एखाद्या कलावंताला समाजाने त्याच्या भूमिकेच्या नावाने ओळखावे, हा त्याचा मोठाच सन्मान होय. परंतु साहित्याच्या अभ्यासकापुढे या सन्मानातूनच एक प्रश्न उभा राहतो. गुंड्याभाऊ ही व्यक्तिरेखा कर्वे यांनी निर्माण केलेली नव्हती. ती त्यांच्या बालपणीच ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती आलेली होती. मग या व्यक्तिरेखेत त्यांनी नेमकी कोणती भर घातली, आणि ती भर पुढील पिढ्यांना कशी समजावी, हे पाहणे अगत्याचे ठरते.

गुंड्याभाऊंचे जनक चिंतामण विनायक जोशी (१८९२–१९६३) हे पुण्यात जन्मलेले, पण आयुष्याची उमेदीची वर्षे बडोद्यात घालविलेले लेखक. ते पाली भाषेचे पंडित होते. बडोद्याच्या महाविद्यालयात त्यांनी त्या विषयाचे अध्यापन केले आणि पुढे बडोदे संस्थानच्या दप्तरखान्याची जबाबदारी सांभाळली. बौद्ध वाङ्मयाच्या या अभ्यासकाने ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ (१९३२) आणि ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ (१९३३) या पुस्तकांतून मराठी मध्यमवर्गाचे जे चित्र रेखाटले, त्याला मराठी विनोदात तोड नाही. किरकोळ प्रकृतीचे, भिडस्त आणि प्रतिष्ठेला जपणारे कारकून चिमणराव, त्यांची पत्नी कावेरी, मोरू, मैना आणि राघू ही मुले, आणि या कुटुंबाभोवती सावलीसारखा वावरणारा, अंगापिंडाने मजबूत, बोलण्यात फटकळ, सोटा बाळगणारा गुंड्याभाऊ, असा हा परिवार आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी मराठी विनोदाचा पाया घातला आणि राम गणेश गडकऱ्यांनी त्याला कल्पनेची भरारी दिली. चिं. वि. जोशी यांनी तोच विनोद घरातल्या माजघरात आणून बसविला.

या व्यक्तिरेखा पडद्यावर येण्यास फार काळ लागला नाही. मास्टर विनायक यांच्या दिग्दर्शनाखाली ‘लग्न पाहावे करून’ (१९४०) आणि ‘सरकारी पाहुणे’ (१९४२) हे चित्रपट निघाले. त्यांत दामूअण्णा मालवणकर यांनी चिमणराव आणि विष्णुपंत जोग यांनी गुंड्याभाऊ साकार केले. त्या काळच्या प्रेक्षकांना ही जोडी अतिशय प्रिय झाली होती. म्हणजे कर्वे यांच्याकडे ही भूमिका आली तेव्हा तिच्यामागे लेखकाचे शब्द होते, वाचकांच्या मनातील कल्पना होती आणि एका नामवंत नटाची स्मृतीही होती. सुपरिचित भूमिका करणाऱ्या नटाचे काम नव्या भूमिकेपेक्षा अवघड असते, कारण प्रेक्षक तुलनेचा तराजू घरूनच घेऊन येतो.

मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रसारण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मराठी नाटकवाल्यांना या नव्या माध्यमाचे आकर्षण होते, तशी त्याविषयी शंकाही होती. लहानशा पडद्यावर, मोजक्या साधनांत आणि कृष्णधवल चित्रांत काय साधणार, असे अनेकांना वाटे. सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात या केंद्राने चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्या कथा मालिकेच्या रूपाने सादर केल्या. विजया जोगळेकर-धुमाळे आणि याकूब सईद ही नावे या निर्मितीशी निगडित आहेत. दिलीप प्रभावळकर यांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ उभे केले. मराठी दूरचित्रवाणीवरील आरंभीची, आणि अनेकांच्या मते पहिली, कथामालिका म्हणून तिची नोंद होते. तिच्या लोकप्रियतेमुळे याच जोडीला घेऊन १९७९ साली ‘चिमणराव गुंड्याभाऊ’ हा चित्रपटही निघाला.

या यशाचे श्रेय देताना बहुधा जोडीच्या दृश्य विसंगतीकडे बोट दाखविले जाते. एक कृश, दुसरा भरदार. एक चाचरणारा, दुसरा गरजणारा. ही विसंगती विनोदाला उपकारक असते यात संशय नाही. परंतु ग्रंथातील आणि पडद्यावरील गुंड्याभाऊ यांत याहून महत्त्वाचा एक भेद आहे. चिं. वि. जोशी यांच्या कथा चिमणराव स्वतः सांगतात. त्यामुळे पुस्तकातील गुंड्याभाऊ आपल्याला नेहमी चिमणरावांच्या नजरेतून दिसतात. त्यांच्या शक्तीचे वर्णन एका भित्र्या माणसाने केलेले असते आणि त्यांच्या अविचाराचा निषेध एका अतिविचारी माणसाने केलेला असतो. त्या वर्णनात कौतुक आहे, धास्ती आहे आणि थोडा मत्सरही आहे. गुंड्याभाऊंना स्वतःविषयी काय वाटते, हे चिमणराव सांगत नाहीत, कारण ते त्यांना ठाऊक नसते.

दूरदर्शनच्या पडद्यावर मात्र हा निवेदक बाजूला होतो. दोघेही प्रेक्षकासमोर समान पातळीवर उभे राहतात. चिमणरावांच्या शब्दांनी गुंड्याभाऊंना दिलेला फुगवटा तेथे टिकत नाही. तेथे एक प्रत्यक्ष माणूस लागतो. कर्वे यांनी हा माणूस दिला. त्यांचा गुंड्याभाऊ झुपकेदार मिशांचा आणि खणखणीत आवाजाचा होता, पण तो स्वतःला विनोदी समजत नव्हता. आपण करतो ते योग्यच आहे, अशी त्याची गंभीर श्रद्धा होती. जगात अन्याय आहे आणि त्यावर सोटा हा उपाय आहे, इतके साधे त्याचे तत्त्वज्ञान. त्या तत्त्वज्ञानाच्या तळाशी चिमणरावांच्या बिऱ्हाडाविषयीचा निरपेक्ष जिव्हाळा आहे, हे कर्वे यांनी शब्दांवाचून सुचविले. पुस्तक वाचताना आपण गुंड्याभाऊंना हसतो. मालिका पाहताना गुंड्याभाऊ आपल्याही घरी असावेत असे वाटू लागते. ही भर नटाची आहे. तिला मूळ संहितेचे अभिनयाने केलेले भाष्यच म्हटले पाहिजे.

या संयमाचे मूळ कर्वे यांच्या जडणघडणीत सापडते. ते पूर्णवेळ व्यावसायिक नट म्हणून वाढले नाहीत. मुंबई महानगरपालिकेतील नोकरी सांभाळून त्यांनी रंगभूमीची सेवा केली. सुमंत वरणगावकर यांच्या सहकार्याने त्यांनी ‘किलबिल बालरंगमंच’ ही संस्था चालविली आणि मुलांसाठी नाटके केली. बालप्रेक्षक हा मोठा कठोर परीक्षक असतो. नट खोटे वागतो आहे असे वाटताच मुलांचे लक्ष उडते, आणि तो मनापासून वागला तर ती वाटेल त्या अद्भुतावर विश्वास ठेवतात. मनापासून वागण्याची ही शिस्त गुंड्याभाऊंच्या भूमिकेस पोषक ठरली असावी. शिवाय कचेरीत दिवस घालविणाऱ्या मध्यमवर्गाचे जग त्यांना बाहेरून न्याहाळावे लागले नाही. ते त्यातलेच एक होते.

जोडीने सादर होणाऱ्या विनोदात दुसऱ्या नटाची एक उपेक्षा ठरलेली असते. मालिकेला लोक पुष्कळदा नुसते ‘चिमणराव’ म्हणत. प्रभावळकर यांची पुढील कारकीर्द नाना रूपांनी बहरली आणि चिमणराव हे तिचे एक प्रारंभिक पर्व ठरले. कर्वे यांच्या वाट्याला मात्र गुंड्याभाऊ कायमचे आले. परंतु जोडीतील पहिल्याचा विनोद दुसऱ्याच्या प्रतिसादावर उभा असतो. चिमणरावांचे चाचरणे हास्यास्पद वाटते, कारण समोर न चाचरणारा कोणी आहे. कर्वे यांनी हे आधाराचे काम कुठेही वरचढ न होता केले. मराठी समीक्षेने याची पुरेशी नोंद घेतलेली नाही.

येथवर ज्या कीर्तीचा विचार केला, तिला एक भौगोलिक सीमाही होती. सत्तरीच्या दशकातील दूरदर्शन प्रक्षेपकाच्या टप्प्यापुरतेच दिसे. मुंबई केंद्राचा कार्यक्रम मुंबई परिसरात आणि पुण्याच्या सहप्रक्षेपण केंद्रामुळे त्या भागात पोहोचे. महाराष्ट्राबाहेर वसलेल्या मराठी समाजाचा त्यात प्रवेश नव्हता. झाशीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १७४२ साली नारो शंकर यांच्याकडे झाशीचा कारभार आला आणि येथे मराठी कुटुंबांची वसाहत वाढली. पुढे नेवाळकर घराण्याने येथे राज्य केले. ज्या गणेश मंदिरात १८४२ साली गंगाधरराव आणि लक्ष्मीबाई यांचा विवाह झाला असे मानले जाते, ते आजही येथील मराठी समाजाचे श्रद्धास्थान आहे. मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे अकराशे किलोमीटर दूर असलेल्या या गावात ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ टपालाने येऊ शकत होते. मालिका येऊ शकत नव्हती.

राष्ट्रीय प्रसारण १५ ऑगस्ट १९८२ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर लहान प्रक्षेपकांचे जाळे देशभर पसरले. त्या वेळी उत्तरेकडील मराठी घरांत दूरदर्शनचा विनोद आला तो हिंदीतून. १९८४ साली सुरू झालेल्या ‘ये जो है ज़िंदगी’ या मालिकेचे लेखक हिंदीतील नामवंत व्यंगकार शरद जोशी होते आणि शफी इनामदार, सतीश शाह हे तिच्यातील नट होते. त्यांपैकी इनामदार १९९६ साली, तर सतीश शाह कर्वे यांच्या मागोमाग ऑक्टोबर २०२५ मध्ये निवर्तले. मराठी प्रादेशिक उपग्रहवाहिनी १९९४ साली सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्राबाहेरही मराठी कार्यक्रम दिसू लागले. परंतु गुंड्याभाऊंचा बहराचा काळ तोपर्यंत सरला होता. म्हणून मुंबई-पुण्याच्या एका पिढीला गुंड्याभाऊ म्हणताच कर्वे दिसतात आणि झाशी, इंदूर किंवा ग्वाल्हेर येथील त्याच पिढीला पुस्तकातील शब्द आठवतात. एकाच भाषेतील एकाच व्यक्तिरेखेच्या अशा दोन स्मृती आहेत.

अभिनयाची स्मृती किती नाजूक असते, हे झाशीच्या इतिहासातूनही समजते. गंगाधरराव नेवाळकर नाटकाचे षौकीन होते. त्यांच्या पदरी नाटकशाळा होती आणि ते स्वतः भूमिका करीत, असे सांगितले जाते. १८५३ साली ते निवर्तले, १८५४ साली संस्थान खालसा झाले आणि १८५८ च्या एप्रिलमध्ये शहर पडले. त्या नटांचे आवाज, त्यांच्या लकबी, प्रेक्षकांचे हसू यांतील काहीच उरले नाही. त्या शहराविषयी आपण आज जे जाणतो, त्यातील बराच भाग वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी लिहून ठेवल्यामुळे जाणतो. झाशीतील समृद्ध ग्रंथसंग्रहाचा नाश त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि हळहळून नोंदविला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला नसता, तर तेही साक्ष्य हरपले असते.

दूरदर्शनच्या आरंभीच्या कार्यक्रमांवर आक्रमण झाले नाही, पण काटकसरीने तेच काम केले. चित्रफीत महाग होती. प्रसारण झाले की तीच फीत पुसून पुन्हा वापरावी, ही रीत तेव्हा जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांत होती आणि आपले दूरदर्शन तिला अपवाद नव्हते. कार्यक्रम म्हणजे वर्तमानपत्रासारखी एका दिवसाची वस्तू, अशी समजूत होती. चिमणराव मालिकेतील जे भाग आज पाहावयास मिळतात ते मोजके आहेत. विलक्षण गोष्ट अशी, की ज्या लेखकाने एका संस्थानचे दप्तर नीट लावले, त्याच्याच मानसपुत्रांचे दप्तर आपल्याला सांभाळता आले नाही.

अशा स्थितीत साहित्याच्या अभ्यासकांवर आणि ग्रंथालयांवर एक काम येऊन पडते. उपलब्ध भागांची सूची व्हावयास हवी. त्यांच्या संहिता, छायाचित्रे आणि तत्कालीन परीक्षणे एकत्र आणावयास हवीत. चिं. वि. जोशी यांच्या कथांचा अभ्यास करताना १९४०, १९४२ आणि १९७९ सालचे चित्रपट व ही मालिका यांची तुलना अभ्यासक्रमात यावी. ज्यांनी ती मालिका मूळ प्रसारणात पाहिली, ते प्रेक्षक आज पन्नाशीच्या पलीकडे आहेत. त्यांच्या आठवणी आताच लिहून घेतल्या नाहीत, तर आणखी वीस वर्षांनी त्या घेता येणार नाहीत.

बाळ कर्वे यांना दीर्घायुष्य लाभले आणि त्यांनी ते मोठा गाजावाजा न करता घालविले. त्यांच्याविषयीचे प्रेम लोकांनी वृत्तपत्रांतून आणि शोकसभांतून व्यक्त केले. आता त्यांच्या कामाची नोंद करावयाची आहे, आणि ती करताना गुंड्याभाऊंच्या शेजारी त्यांचे स्वतःचे नाव लिहिले जावे.