जुना संगणक आणि लिनक्स

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं ‘विंडोज १०’चा नियमित पाठिंबा संपला, आणि घरचा जुना संगणक भंगारांत द्यावा कीं त्यावर ‘लिनक्स’ बसवावें, हा प्रश्न आम्हां अलिबागकरांपुढेंही आला. लिनक्सचा गाभा १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानें आपल्या ‘३८६’ यंत्रावर रचिला; २०१२ सालीं त्याच ‘३८६’चा आधार त्यांतून काढला गेला. जन्मघरासच असा निरोप!

‘डेबियन’ या लिनक्सच्या २०२५ मधील तेराव्या आवृत्तींतून ३२ बिटांचे जुने पीसीही गळाले. त्यांवर बारावी बसवावी लागते. म्हणून प्रथम प्रोसेसर किती बिटांचा, तें पाहावें. यंत्र मध्येंच अडलें, तर लिनक्सला बोल लावण्यापूर्वीं वीज तोडून रॅमची पट्टी काढावी आणि तिची सोनेरी कड खोडरबरानें हलकेच पुसावी. आमच्या खाऱ्या, दमट हवेंत ती मळते.